मार्गशीर्षातले मुहूर्त

२ ऑक्टोबर, दसरा

विजापूर रोडवरच्या शोरूममध्ये सकाळपासून गाड्यांच्या पूजा केल्या. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, नारळ, पेढा, फोटो, की पुढची गाडी. घसा पार बसला. दक्षिणा बरी मिळाली, खोटं कशाला बोलू. पण शेवटी जे झालं ते लिहितानाही कान गरम होतात. सगळं आटोपून बाहेर आलो, आमच्या जुन्या व्हॅनची किल्ली फिरवली, आणि व्हॅन ढिम्म. पुन्हा फिरवली. खोकली आणि गप्प. ज्यांच्या गाड्यांवर मी तासाभरापूर्वी अक्षता टाकल्या होत्या, तेच चौघे बाह्या सरसावून ढकलायला आले. एकजण म्हणाला, "गुरुजी, घरच्या गाडीला मंत्र कमी पडले वाटतं." सगळे हसले. मीही हसलो, दुसरं करणार काय?

घरी येऊन पद्मजाला सांगितलं. ती म्हणाली, "ढकलणाऱ्यांना पेढा तरी दिलात का?" आमच्या बायकोचं हे असं असतं.

एक मात्र चांगलं झालं. आजची दक्षिणा धरून बँकेत अडीच लाख पुरे झाले. हे पैसे माझे नाहीत. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या बायपासच्या वेळी माढ्याच्या जोतिरामने उसाचं बिल आलं तसं पिशवीत घालून आणून दिलं होतं. कागद नाही, व्याज नाही. "गुरुजी, वडलांचं बघा आधी," एवढंच म्हणाला. त्याच्या आजोबांपासून ते आमचे यजमान. अण्णा पुढे वर्षभर राहिले आणि आपल्या घरात, आपल्या खाटेवर गेले, ते जोतिरामच्या जिवावर. आता दिवाळीच्या पाडव्याला जायचं, पैसे त्याच्या हातात ठेवायचे आणि मोकळं व्हायचं. या पैशांपायी पद्मजाने दोन वर्षांत अंगाला नवी साडी लावलेली नाही.

७ ऑक्टोबर

दुधनीला अडत दुकानाचं उद्घाटन होतं. अक्कलकोट सोडलं आणि व्हॅनमधून धूर निघायला लागला. अर्धा तास हात दाखवत उभा राहिलो, शेवटी कांद्याच्या एका टेम्पोवाल्याला दया आली. पाट, ताम्हन, समिधांची जुडी मांडीवर घेऊन पोचलो तोवर मुहूर्त टळून गेला होता. मालक कानडी. वाट बघून बघून त्यांनी मठातल्या स्वामींना बोलावलं आणि पूजा उरकून घेतली होती. वाटलं, आता चार लोकांत काढणार माझी. तर "बर्री गुरुजी, बर्री, ऊटा माड्री," म्हणत हाताला धरून पानावर बसवलं. वर ठरलेली दक्षिणा पूर्ण. एक मंत्र म्हटला नव्हता मी. तरी घेतली. व्हॅन ओढून आणायला पैसे कुठून देणार होतो?

अशाने यजमान टिकायचे नाहीत. चिंचोळी एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांनी गुरुजी बदललेच. पहिली पाळी सुरू व्हायच्या आत त्यांना यंत्राची पूजा लागते, आणि मी आपला पुलाखाली बॉनेट उघडून उभा. पद्मजा म्हणते एसटीने जा. होमाचं सगळं सामान घेऊन पहाटे एसटीने? जाऊन दाखव म्हणावं.

१० ऑक्टोबर

शरणप्पा मिस्त्रीने व्हॅन उघडून पाहिली, हात पुसले आणि म्हणाला, "गुरुजी, हिला आता मोक्ष द्या की." इंजिनाचं काम काढलं तर व्हॅनच्या किमतीच्या दुप्पट खर्च. त्याच्याकडे एका रिटायर डॉक्टरांची गाडी विकायला आली आहे. एकाच हातात वापरलेली, बसायला गेलो तर दार कसं हलक्या हाताने लागलं. व्हॅन भंगारात धरून वर अडीच लाख. धनत्रयोदशीपर्यंत थांबतो म्हणाला, मग दुसरं गिऱ्हाईक आहे.

अडीच लाख! दुसरा कुठला आकडा सुचला नाही देवाला.

तिथून बँकेत गेलो. कर्जाच्या साहेबांच्या घरचा सत्यनारायण मीच सांगतो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचं उत्पन्न आहे हो, पण कागदावर दिसत नाही." कागदावर दिसलं असतं तर तुमच्या दारात आलो असतो का?

पद्मजा म्हणाली, "जोतिरामला सरळ सांगा. आणखी वर्षभर थांब म्हणावं. तो नाही म्हणायचा नाही."

"दोन वर्षं झाली. कोणत्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच."

मी चिडून जेवणावरून उठलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मी एक गोष्ट केली. लिहून ठेवतो, म्हणजे निदान स्वतःशी तरी लपवाछपवी नको.

सकाळी जोतिराम आला. ज्वारीचं पोतं खांद्यावर आणि बरोबर त्याची लेक संस्कृती. माढ्यातच शाळेत शिकवते, हुशार पोरगी. दारातूनच म्हणाला, "गुरुजी, संस्कृतीचं जमलं!" कुर्डुवाडीचं स्थळ. मुलगा शिवराज, पुण्याकडे कंपनीत आहे. दोघांनी एकमेकांना पसंत केलंय, हे पोरीच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. मुलाची आजी अंथरुणाला खिळली आहे. जोतिराम म्हणाला, "म्हातारीला नातसून बघायची हाय. जास्त दिवस न्हाईत म्हनं तिचं. मार्गशीर्षातलं एखादं धरा की."

मार्गशीर्षात मुहूर्त भरपूर आहेत. पंचांग मांडीवर होतं, पण मी ते उघडलंसुद्धा नाही. डोक्यात एकच चाललं होतं. आमच्याकडे गुरुजीकडे पैसे मागत नाहीत. दिलेलं ब्राह्मणाकडून परत मागायचं कसं, म्हणून शेतकरी माणूस गप्प बसतो आणि मग असा आडून येतो. लग्न काढलंय, तारीख सांगा, म्हणजे पैसे काढा. मला न कळायला मी काय दूधखुळा आहे?

तेवढ्यात तो म्हणालाच, "आन् गुरुजी, ते आपलं मागचं हाय न्हवं, त्याचं तुमी..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "थांब थांब," म्हटलं, "आधी मुलीला गुरुबळ आहे का बघू." आणि बोटांवर उगाच मोजल्यासारखं करून म्हणालो, "नाही रे. यंदा मार्गशीर्षात हिला गुरुबळ नाही. आता एकदम वैशाखात."

गुरुबळ आहे तिला. चांगलं खणखणीत आहे.

जोतिरामचा चेहरा पडला. संस्कृतीने विचारलं, "नाही म्हणजे काय गुरुजी? मला पत्रिकेत दाखवता का?" मी म्हटलं, "बाळ, ते तुला कळायचं नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. जोतिराम म्हणाला, "गुरुजी म्हनत्यात म्हंजे काय तरी आसंल. तुमी म्हनाल तसं." चहा घेऊन आलेली पद्मजा कप हातात धरून तशीच उभी होती. चहा निवून गेला.

लग्न सहा महिने पुढे गेलं म्हणून कुणाचं काय बिघडतं? वैशाखापर्यंत नवी गाडी फिरेल, पैसे पुन्हा जमतील, तेव्हा त्याला देईन. पै न् पै देईन. जोतिरामचं नुकसान काहीच नाही.

१५ ऑक्टोबर

कुर्डुवाडीहून मुलाच्या वडिलांचा, आबासाहेबांचा फोन आला. आवाज मोठा, माणूस करारी. "गुरुजी, आमची आई वैशाखापातुर टिकायची न्हाई. आमी आमच्या भटजीकडनं तारीख काढतो, चालंल न्हवं?"

त्यांचा भटजी पंचांग उघडणार आणि पहिल्याच पानावर माझं पितळ उघडं पडणार. मी म्हणून गेलो, "काढा की, पण गुरुबळ नसताना घाई केली तर वडीलधाऱ्यांना जड जातं. मग मला बोल लावू नका." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. वैशाखात बघू."

फोन ठेवला. सुटलो एकदाचा.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

गाडी घेतली. करड्या रंगाची आहे. किल्ली फिरवली की लगेच, आवाजसुद्धा नाही. शरणप्पाने हार घातला. होटगी रोडला एक चक्कर मारली, वाटेत कुणी ढकलायला लागलं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरंच सांगतो.

पद्मजाला म्हटलं, चल, सिद्धेश्वराला जाऊन येऊ. ती म्हणाली, गाडीच्या वासाने मळमळतं, मी रिक्षाने येते. नव्या सीट कव्हरचा वास असेल. सोसत नाही एकेकाला. उद्या काचा उघड्या ठेवतो.

२२ ऑक्टोबर, पाडवा

जोतिरामचा फोन. "गुरुजी, फराळाला या की, आवंदा आला न्हाई." अंग कसकसतंय असं सांगितलं. तो म्हणाला, काढा घ्या, दगदग करू नका. पैशांचं अक्षर काढलं नाही. काढणार तरी कसा, बिचारा भिडेखातर गप्प बसतो.

९ नोव्हेंबर

माढ्याच्या अलीकडे एकांची वास्तुशांत होती. काम चांगलं झालं, वेळेवर झालं. पण जोतिरामचं शेत त्याच रस्त्याला. त्याने गाडी पाहिली तर? म्हणून गाडी फाट्यावर चिंचेखाली उभी केली आणि सगळं सामान डोक्या-खांद्यावर घेऊन पुढे पायी गेलो. यजमान म्हणाले, "अरेरे, गुरुजी, चालत आलात? गाडी बंद पडली का?" मी हो म्हटलं.

इतकी चांगली गाडी घेतली आणि तिला चोरासारखी लपवतोय. कुणाला सांगितलं तर हसतील.

पद्मजाला अजून मळमळतं. भाजी आणायलाही सिटी बसने जाते. डॉक्टरला दाखव म्हटलं तर म्हणाली, "माझं औषध डॉक्टरकडे नाही." बायकांचं काही कळत नाही बुवा.

२७ नोव्हेंबर

अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयात लग्न लावलं. नवरी हळदीने पिवळी झालेली, मामाचा हात धरून आली. मंगलाष्टकं म्हणता म्हणता लक्षात आलं, हिची रास आणि संस्कृतीची रास एकच. हाच दिवस, हाच मुहूर्त, मीच काढून दिलेला. 'शुभ मंगल' म्हणताना आवाज चिरकला. लोकांना वाटलं, सीझनमुळे घसा बसलाय. कुणीतरी खडीसाखर आणून दिली.

त्या मुलीच्या बापाने माझ्या पाया पडून चांगला मुहूर्त दिलात म्हणून आभार मानले.

३ डिसेंबर

शिवराजची आजी काल गेली. जोतिरामनेच फोन करून कळवलं. मी म्हटलं, वय झालं होतं त्यांचं. तो म्हणाला, "व्हय. पर शेवटपातुर इचारत हुती म्हनं, सून कवा येनार म्हनून."

दिवसभर कामात लक्ष नाही. वय झालं होतं हे खरंच आहे ना? मी काही तिला मारलेली नाही.

१६ डिसेंबर

तेरावा परवा झाला आणि त्याच दिवशी त्यांनी स्थळ मोडलं.

जोतिरामने फोनवर सांगितलं. आबासाहेब म्हणाले म्हणे, तुमच्याच गुरुजींनी सांगितलं होतं, पोरीचा गुरू वडीलधाऱ्यांना जड आहे. घरात यायच्या आधीच म्हातारी गेली, आल्यावर काय करेल? ही गोष्ट कुर्डुवाडीहून माढ्याला एका दिवसात आली. शाळेतल्या बायकांनी डोहाळजेवणाला सगळ्यांना बोलावलं, संस्कृतीला वगळलं. ती घरी येऊन जेवली नाही.

मी तसं म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो, घाई केली तर. पण आता ते कुणाला जाऊन समजावू? आणि काय समजावू?

मग तो म्हणाला, "गुरुजी, तिची गुरूची शांत करा. तुमच्या हातनंच करायची, दुसऱ्या कुनाच्या न्हाय. चार बायका बोलावतो, त्यास्नी दिसू द्या दोष गेला ते. खर्चाचं बघू नका."

मी २५ तारखेचा गुरुवार दिला. हो म्हणालो. शरम वाटते, शरम. जो दोष मीच तिच्या कपाळी चिकटवला, तोच काढायची दक्षिणा घ्यायला मी जाणार.

१७ डिसेंबर

पद्मजाने आज विचारलं, "गुरुबळ होतं ना तिला?"

मी उगाच पंचांग चाळायला लागलो.

"पंचांग न उघडताच बोललात तुम्ही. वीस वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं मी," ती म्हणाली. मग पोळ्या लाटत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२५ डिसेंबर, गुरुवार

रात्री लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण झोप कुठली?

सकाळी निघताना पद्मजा दारापर्यंत आली. शांत करून या, असं म्हणाली नाही. "सांगून या," म्हणाली.

आज गाडी लपवली नाही. सरळ जोतिरामच्या दारात उभी केली. वाटलं, बघून तो चिडेल, चार शब्द बोलेल, म्हणजे मला वाट सापडेल. तर तो पुढे धावत आला. "गाडी घेतली व्हय? लई ब्येस झालं! किती आबदा व्हायची तुमची." बायकोला हाक मारली, तिने भाकरीचा तुकडा आणून माझ्या गाडीवरून ओवाळून टाकला, दृष्ट लागू नये म्हणून. मी मान खाली घालून उभा.

अंगणात सतरंजीवर शेजारच्या बायका बसल्या होत्या. संस्कृती पिवळी साडी नेसून पाटावर बसली. पोरगी वाळली होती. मी हरभऱ्याच्या डाळीची रास मांडली, कलश ठेवला, तिच्या हातावर पाणी घातलं आणि संकल्प सुरू केला. संकल्पात नाव घ्यावं लागतं. अमुक गोत्राची, अमुक नावाची, हिच्या पीडेच्या परिहारासाठी, असं देवासमोर म्हणावं लागतं. बाहेर फोनवर काय वाटेल ते बोलू शकतो माणूस. तिथे जीभ वळेना. तिच्या नावाशी आलो आणि अडलो. मग घाईघाईने माझंच गोत्र आणि माझंच नाव पुटपुटलो आणि पुढे सरकलो. म्हटलं, संस्कृत कुणाला कळतंय, देवाला पोचलं म्हणजे झालं. एवढीच माझी हिंमत.

"गुरुजी," संस्कृती म्हणाली, "माझं नाव घेतलं नाही तुम्ही. तुमचं घेतलं."

जोतिराम तिला दटावायला लागला. "आगं, त्यांचं त्यांना कळतं. तुला काय कळतं त्यातलं?"

"नाव कळतं की मला."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी हातातली पळी खाली ठेवली. म्हणालो, "हिला दोष नाही. कधीच नव्हता. मार्गशीर्षात मुहूर्त होते. मी खोटं सांगितलं. जोतिराम, तुझे पैसे द्यावे लागू नयेत म्हणून लग्न पुढे ढकललं आणि त्या पैशाची ही गाडी घेतली."

जोतिरामला बहुतेक एकदम कळलंच नाही, तो "कंची गाडी?" म्हणाला. संस्कृती रडली नाही. तिने हातातलं पाणी तसंच ताम्हनात सोडलं आणि उठली. "कुर्डुवाडीला चला. हे तिथं सांगा. गाडी आहे की दारात."

मी चालवत होतो, शेजारी जोतिराम, मागे ती.

आबासाहेबांनी ओट्यावर बसवून ऐकून घेतलं. शिवराज सुट्टीवर आला होता. उंबऱ्यात उभा राहून ऐकलं आणि आत निघून गेला. आबासाहेब म्हणाले, "त्या दिशी तुमी येक सांगितलं, ते ऐकलं. आज उलटं सांगताय, तेबी ऐकायचं? पोराचं आता मोहोळला ठरतंय."

संस्कृती म्हणाली, "मी लग्न मागायला आले नाही. घरातल्या बायकांना बाहेर बोलवा. माझ्या नावानं जे बोललं गेलं ते त्यांच्यासमोर पुसू द्या."

बायका आल्या. मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पुरोहित आहे, लोकांसमोर बोलायची सवय आहे, पण असं कधी बोललो नव्हतो. कोपऱ्यातली एक म्हातारी, गेलेल्या आजीची जाऊ असावी, पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "म्हंजे तिला लगीन बघाय मिळालं असतं की वो."

मी ओटा उतरलो आणि चपला पायांत सरकवल्या.

परत माढ्याला आलो तेव्हा दिवस मावळला होता. जोतिराम उतरला. मी खिडकीतून म्हणालो, "आठ दिवसांत गाडी विकतो. तुझे सगळे पैसे आणून देतो."

तो दाराला धरून उभा राहिला. म्हणाला, "त्या दिशी मी तेच सांगत हुतो तुमाला. लगीन निघालं म्हनून त्या पैशाचा घोर लावून घिऊ नका, पोरीच्या लग्नाचं मी येगळं ठिवलंय. तुमी बोलू दिलं न्हाय." मग म्हणाला, "पैसं मागितलं हुतं का मी, गुरुजी? तारीख मागितली हुती."

तो आत गेला. थोड्या वेळाने संस्कृती माझी पिशवी घेऊन आली. ताम्हन, पळी, आसन, सगळं धुऊन पुसून भरलं होतं. तिने ती मागच्या सीटवर ठेवली आणि दार लावलं. आमच्याकडे निघणाऱ्या माणसाला 'या' म्हणतात, भांडण झालेलं असलं तरी म्हणतात. मी गाडी सुरू करून थोडा वेळ तसाच थांबलो. कुणी म्हणालं नाही.